उलटणं गृहीत धरलेली नाव



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा अकोल्याच्या एका श्रोत्याने आम्हाला विचारलं, “सर, वऱ्हाडात समुद्र कुठं हाये? शिडाच्या होडीचं आपल्याले काय करा लागते?” प्रश्न रास्त आहे. अमरावतीहून मुंबईचा समुद्र रेल्वेने एक रात्र दूर. शिवाय फायबरग्लासची छोटी, शिडाची, एक-दोन माणसांनी हौसेनं चालवायची होडी म्हणजे डिंगी. ही श्रीमंतांची करमणूक, असाच आपला समज असतो. मग निवृत्त झालेल्या तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं तिच्यावर तासभर का बोलावं?

आधी शब्दापासून सुरुवात करू. ‘डिंगी’ हा शब्द आपल्याला इंग्रजी वाटतो, पण तो इंग्रजांनी इथूनच उचलला. हिंदीत आणि बंगालीत डिंगी म्हणजे लहान नाव. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो इंग्रजीत शिरला, जगभर फिरला, आणि आता खेळाच्या पानावर परका होऊन आपल्याकडे परत आला. म्हणजे वस्तू आपल्याला अगदीच अनोळखी नाही. आपला डोंगा, आपली डोणी, कोकणातली होडी आणि ही डिंगी एकाच घराण्यातल्या. फरक एवढाच, की विसाव्या शतकात या घराण्यातल्या एका लेकीनं एक गोष्ट शिकून घेतली आणि बाकीच्यांची ती शिकायची राहून गेली. ती गोष्ट कोणती, हाच आजचा विषय.

आता एक दुःखद आठवण काढावी लागेल. १४ सप्टेंबर २०२१ रोजी आपल्याच अमरावती जिल्ह्यात, वरूड तालुक्यात, श्री क्षेत्र झुंज इथे वर्धा नदीत नाव उलटली आणि ११ माणसं गेली. नात्यागोत्यातली माणसं होती. त्या दिवशी नेमकं काय चुकलं याचा निवाडा करायला आम्ही इथे बसलेलो नाही, आणि तो आमचा अधिकारही नाही. पण तेव्हापासून एक प्रश्न आमच्या डोक्यातून जात नाही. नाव उलटली, हे वाक्य आपण ऐकतो आणि पुढचं वाक्य आपल्याला आपोआप कळतं. नाव उलटली म्हणजे माणसं गेली. हे दोन्ही एकच, असं आपण धरून चालतो. ते एकच आहे का?

जगात रोज हजारो मुलं नावा उलटवतात. काही चुकून, काही मुद्दाम, कारण शिक्षकाने सांगितलेलं असतं. आणि संध्याकाळी ओल्या कपड्यांनी घरी जाऊन जेवतात. हे कशामुळे शक्य झालं? नुसत्या पोहता येण्यामुळे नाही. नावेच्या रचनेमुळे. त्या रचनेचा इतिहास आपण पाहू.

नाव सरळ का राहते? लहानपणी आम्ही कौंडिण्यपूरला नावेतून वर्धा ओलांडली होती. नावाडी सारखा म्हणत होता, “उभे नका राहू भाऊ, कलंडते!” त्याने एका वाक्यात नौकाशास्त्राचं निम्मं पुस्तक सांगितलं. वजन वर गेलं की नाव कलंडते. वजन खाली ठेवलं की सावरते. मोठ्या शिडाच्या नौका हाच नियम वापरतात: तळाखाली शिशाचा किंवा लोखंडाचा जड पंख बसवतात. पाडली तरी पुन्हा उभी राहणारी बाहुली जत्रेत मिळते ना, तसं. पण त्या पंखामुळे नौका जड होते, महाग होते, उथळ पाण्यात चालत नाही, आणि आत पाणी भरलं तर तेच वजन तिला तळाशी नेतं.

डिंगीत हे वजन नसतं. वारा शिडाला एका बाजूला ढकलतो, तेव्हा चालवणारा दुसऱ्या काठावर बसून शरीर बाहेर झुकवतो. म्हणजे नावेचं वजन कोण, तर माणूस. तळातून खाली सरकवलेली एक फळी असते, तिने नाव आडवी वाहून जात नाही, पण ती काही नावेला उभं धरत नाही. परिणाम उघड आहे. वाऱ्याचा एक झोत आला, माणसाचा अंदाज चुकला, की डिंगी आडवी. तिच्या बाबतीत उलटणं हा अपघात नाहीच, तो तिचा स्वभाव आहे. ज्यांनी ती आखली त्यांनी हे मान्य केलं आणि तिथूनच पुढची सगळी रचना केली.

हे एकदम झालं नाही. तीन टप्पे सांगतो.

पहिला टप्पा प्लायवूडचा. १९४७ साली अमेरिकेत, फ्लोरिडातल्या क्लिअरवॉटर गावी, क्लार्क मिल्स नावाच्या नाव बांधणाऱ्याला सांगण्यात आलं की मुलांसाठी स्वस्तातली शिडाची होडी करून दे. त्याने काय केलं? आठ बाय चारच्या प्लायच्या दोन शीटमध्ये बसेल एवढीच होडी काढली. आपल्याकडचा कुठलाही सुतार हे माप ओळखेल, कारण दुकानात प्लाय त्याच मापात मिळते. म्हणून ती आठ फुटांच्या आतच राहिली, सात फूट नऊ इंच. पुढचं तोंड निमुळतं करायच्या भानगडीत तो पडला नाही, सरळ कापून टाकलं. पेटीसारखी दिसते. तिचं नाव ऑप्टिमिस्ट. १९५० च्या दशकात ती डेन्मार्कला गेली, तिथून जगभर, आणि आज भारतातली मुलंही बहुतेक तिच्यावरच शीड धरायला शिकतात.

१९६३ मध्ये इंग्लंडात एका दैनिकाने, ‘डेली मिरर’ने, मिरर नावाची डिंगी विक्रीला आणली. जॅक होल्ट हा नौकांचा आखणीकार आणि बॅरी बकनेल हा टीव्हीवर घरगुती सुतारकाम शिकवणारा गृहस्थ, या दोघांनी ती तयार केली. कापलेल्या प्लायच्या पट्ट्या खोक्यात घरी यायच्या. त्या तांब्याच्या तारेनं टाके घालून जोडायच्या आणि सांध्यावर काचतंतूंची पट्टी राळेत भिजवून चिकटवायची. किंमत ६३ पौंड ११ शिलिंग. नाव श्रीमंतांची, हा समज तिने खोटा पाडला. सत्तर हजारांवर मिरर बनल्या. आणि आपल्या विषयासाठी महत्त्वाचं हे, की तिच्या पोटातच बंद कप्पे होते. त्यात हवा. नाव उलटली, पाण्यानं भरली, तरी ते कप्पे तिला वर धरत.

दुसरा टप्पा फायबरग्लासचा. इथे थोडं थांबू, कारण इथे एक गंमत आहे. फायबरग्लास आपल्या ओळखीचं आहे. उन्हाळ्यात अकोल्याच्या घराघरात जो फायबरचा कुलर चालतो, तेच हे. काचेचे बारीक तंतू आणि त्यांना बांधणारी राळ. तंतू ताण घेतात, राळ आकार धरते. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात टोलेडो इथे १९३० च्या दशकात काचतंतूंचा उद्योग उभा राहिला, आणि १९४२ च्या सुमारास त्याच गावच्या रे ग्रीन याने काचतंतू आणि पॉलिएस्टर राळ वापरून डिंगी बनवली. युद्धानंतर हे तंत्र पसरलं. साचा एकदा नीट केला की त्यातून दहावी नाव निघो की दहा हजारावी, आकार तोच. फळ्या झिजणं नाही, दरवर्षी डांबर भरणं नाही, वाळवी नाही.

मग गंमत कुठे आहे? लाकूड पाण्यावर तरंगतं. लाकडी नाव पाण्यानं भरली तरी सहसा तळाला जात नाही, अर्धवट बुडून का होईना तरंगत राहते. फायबरग्लास पाण्याच्या साधारण दीडपट जड असतं. फायबरची नुसती वाटीसारखी नाव पाण्यानं भरली, की सरळ तळाला जाते. नवं साहित्य टिकाऊ, हलकं, स्वस्त, पण लाकडाने जे काम न सांगता केलं होतं ते हे करत नाही. म्हणून ते काम आता माणसाला आठवणीनं करावं लागलं: आत हवा किंवा फोम भरून ठेवायचा. जी गोष्ट पूर्वी साहित्यात होती ती आता विचारात आणावी लागली. आम्हाला या सगळ्या इतिहासात ही जागा सर्वांत मोलाची वाटते. नवीन वस्तू घेताना जुनी वस्तू न बोलता काय करत होती, हे ज्याला आठवत नाही त्याची नाव बुडते.

हे ज्याला पुरतं कळलं त्याचं एक उदाहरण मोटरच्या नावेचं आहे. अमेरिकेत डिक फिशर याने १९५८ मध्ये बोस्टन व्हेलर नावाची फायबरची नाव बाजारात आणली. आतला आणि बाहेरचा असे दोन थर, मध्ये फोम. १९६१ मध्ये ‘लाइफ’ मासिकात फोटो आले: फिशर टाय लावून नावेत बसलाय, मधोमध करवतीने नाव कापली जातेय, आणि मग तो मागच्या अर्ध्या नावेत बसून इंजिन चालवत निघून जातोय! जाहिरातच होती, पण खोटी नव्हती. पुढे १९७१ मध्ये तिकडे नौकासुरक्षेचा कायदा आला, आणि त्यातून असे नियम झाले की मोटरच्या लहान नावा पाण्यानं भरल्यावरही तरंगत्या राहिल्या पाहिजेत, अशाच बनवायच्या. म्हणजे एका हौशी माणसाची युक्ती दहा-पंधरा वर्षांत सगळ्यांचा हक्क झाली.

तिसरा टप्पा लेझरचा. १९६९ मध्ये कॅनडातल्या इयन ब्रूस याने आखणीकार ब्रूस कर्बी याला फोन केला. गाडीच्या टपावर टाकून नेता येईल अशी एक साधी होडी हवी होती. कर्बीने फोनवर बोलता बोलताच कागदावर रेघा मारल्या. त्या रेघांची झाली लेझर. १९७१ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात ती लोकांसमोर आली आणि आजवर दोन लाखांहून जास्त बनल्या. लांबी ४.२ मीटर, वजन ५९ किलो, एक डोलकाठी, एक शीड. खाली फायबरचा तळ, वर फायबरचं झाकण, दोन्ही कडेने चिकटवलेले. म्हणजे नाव ही वाटी राहिलीच नाही, ती झाकणबंद डबा झाली. बसायला वरती एक उथळ खळगा. त्यात पाणी आलं तर नाव चालू लागताच तळाच्या भोकातून निघून जातं. १९९६ पासून ती ऑलिम्पिकमध्ये आहे. अलीकडे नावाच्या हक्कावरून वाद झाल्याने तिला आयएलसीए म्हणतात. तळ तोच ठेवून लहान मुलाला ४.७ चौरस मीटरचं शीड आणि मोठ्याला ७.०६ चं, एवढा बदल केला की काम भागतं.

आता ती उलटली की काय करायचं ते ऐका, कारण सगळ्या इतिहासाचं सार त्या कृतीत आहे. पहिला नियम: नाव सोडायची नाही. किनारा कितीही जवळ दिसो, नावेला धरून राहायचं. मग पोहत तिच्या तळाच्या बाजूला जायचं. तळातून बाहेर आलेल्या त्या फळीवर पाय द्यायचे, काठ धरायचा आणि मागे रेलायचं. डोलकाठी हळूहळू पाण्यातून वर येते, नाव सरळ होते, आपण काठावरून आत चढायचं. बस. बारा-तेरा वर्षांचं पोर हे करतं. जी फळी नाव चालताना तिला आडवी सरकू देत नाही, तीच उलटल्यावर पायरी होते.

हे सगळं अमेरिका-इंग्लंडचं झालं. आपल्याकडे काय? १९८२ चे आशियाई खेळ दिल्लीला झाले, पण शिडाच्या शर्यती मुंबईत झाल्या. तिथे फारोख तारापोर आणि झरीर करंजिया या जोडीने फायरबॉल या प्रकारात सुवर्णपदक मिळवलं. फायरबॉल म्हणजे पीटर मिल्नने १९६२ मध्ये आखलेली चपट्या तळाची, मुळात घरी प्लायमध्ये बांधता येईल अशी, दोघांची डिंगी. खडकवासल्याच्या पाण्यावर राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे छात्र अशाच डिंग्यांवर शिकतात. खडकवासला समुद्रकाठी नाही. तेही धरणच आहे.

आणि त्याहून जवळचं उदाहरण सांगतो. मेळघाट ओलांडला, सातपुडा उतरला, की पलीकडे मध्य प्रदेश. आपल्यासारखाच समुद्र नसलेला मुलूख. तिथल्या भोपाळच्या बड्या तलावावर मुलं शिडाची होडी शिकतात. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर तिथेच शिकली आणि २०२३ मध्ये हांगझोच्या आशियाई खेळांत आयएलसीए ४ प्रकारात तिने रौप्यपदक आणलं. तेव्हा १७ वर्षांची होती. राजा भोजाच्या काळचा तलाव आणि १९६९ मधल्या फोनवरच्या रेघा, यांची गाठ एका शेतकऱ्याच्या मुलीनं घातली.

तर आपल्या अकोल्याच्या मित्राला आता उत्तर देऊ. वऱ्हाडात समुद्र नाही, पण पाणी आहे. मोर्शीजवळ १३ दरवाजांचं अप्पर वर्धा धरण आहे, ज्याच्या जलाशयाला आपण नल-दमयंती सागर म्हणतो. महानला काटेपूर्णा आहे, तेल्हाऱ्याकडे वान आहे, अंजनगावकडे शहानूर आहे. आपल्या आजोबांच्या वेळी यातलं काही नव्हतं. तेव्हाचा वऱ्हाडी माणूस नदी पावसाळ्यात चार महिने टाळायचा आणि एरवी पायी ओलांडायचा. आता आपल्या गावांशेजारी बारमाही खोल पाणी आहे, त्यात मासेमारी आहे, सहली आहेत, फोटो काढणं आहे, पण पाण्याशी वागायची रीत अजून जुनीच आहे. पाणी नवीन, सवय जुनी. फायबरग्लासच्या बाबतीत जे झालं तेच.

प्रत्येक तलावावर लेझर आणा, असं आम्ही म्हणत नाही. आणल्या तर आनंदच आहे. आमचं मागणं त्याहून लहान आहे. आपल्या साध्या प्रवासी नावेनं डिंगीची ती एक गोष्ट शिकावी. थोडा हिशेब करू, आर्किमिडीजचा, शाळेतलाच.

समजा १५० किलोची फायबरची नाव आहे. पाण्यानं भरली की ती १०० लिटर पाणी बाजूला सारते, म्हणजे बुडताना तिचा भार उरतो ५० किलो. पाण्यात गळ्यापर्यंत असलेल्या माणसाचं डोकं वर ठेवायला फार आधार लागत नाही, पाच-सात किलो पुरतो, कारण शरीर जवळजवळ तरंगतंच. दहा माणसं नावेला धरून आहेत असं धरा, सात किलोप्रमाणे ७० किलो. एकूण १२० किलो. म्हणजे १२० लिटर बंद हवा. लग्नात पाण्याचे २० लिटरचे कॅन येतात ना, तसे सहा. मोटर असेल तर एक-दोन जास्त. नाव लोखंडी पत्र्याची असेल तर तिचाच भार ५० ऐवजी १३० किलोच्या आसपास जातो, मग दहा कॅन. फोम केव्हाही चांगला, आणि बांधायचे कुठे आणि कसे हे जाणकारानं ठरवावं, नाहीतर नाव सरळ राहण्याऐवजी भलतीच कलेल. पण आकडा केवढा लहान आहे ते बघा. माणसं तरणं आणि बुडणं यांत सहा रिकाम्या कॅनएवढी हवा आहे.

याची मर्यादाही सांगितली पाहिजे. पुराच्या लोंढ्यात, धबधब्याच्या तोंडाशी, कॅनही उपयोगाचे नाहीत आणि लेझरही नाही. तिथे नाव घालायचीच नाही, हा एकच उपाय. आणि अंगात जीवरक्षक जॅकेट हवंच, नावेतली हवा ही त्याला जोड, बदली नाही. कायद्याचं म्हणाल तर २०२१ मध्येच १९१७ चा जुना कायदा जाऊन संसदेचा नवा अंतर्देशीय नौका कायदा आला, आणि त्यात इंजिन नसलेल्या नावांच्या नोंदणीचंही प्रकरण आहे. कायदा पुस्तकात आहे. तो घाटावर आणायचा तर आधी घाटावरच्या माणसाला प्रश्न विचारता आला पाहिजे.

शेवटी आमच्या विषयाचं थोडं बोलून थांबतो. तत्त्वज्ञानात नावा पुष्कळ आहेत. थीसियसच्या नावेची एकेक फळी बदलली तर ती तीच नाव राहते का, हे आम्ही वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं. बुद्धाचा तराफा आहे, पैलतीरी गेल्यावर डोक्यावर घेऊन फिरायचा नाही म्हणून सांगणारा. आपल्या संतांचा भवसागर आहे. या सगळ्यांत नावेच्या दोनच गती आहेत: तरणं किंवा बुडणं. पार होणं किंवा संपणं. आमची भाषाही तशीच घडली. परीक्षेत मुलगा उलटला की आपण म्हणतो बुडाला. शेतकऱ्याचं एक साल उलटलं की म्हणतो बुडाला. तिसरा शब्दच नाही.

डिंगीनं तिसरी गती दाखवली. उलटणं आणि पुन्हा सरळ होणं. आणि ते नशिबानं नाही, चालवणाऱ्याच्या शौर्यानंही नाही. कोणीतरी आधीच, कोरड्या जागी बसून, कागदावर रेघा मारताना, हा चुकणार आहे असं प्रेमानं धरून चाललं होतं म्हणून. आपल्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे, तिथली मंडळी १९३६ मध्ये बर्लिनला जाऊन आपले खेळ दाखवून आली. आखाड्यातल्या कुठल्याही जुन्या माणसाला विचारा, पोराला आधी काय शिकवता? तो सांगेल, पडायला. पडता आलं की मग डाव. हे शहाणपण आपल्याकडे होतंच. मातीवर होतं, पाण्यावर न्यायचं राहिलं.

तेव्हा या पावसाळ्यानंतर कुणी धरणावर, घाटावर नावेत बसणार असाल तर भाडं किती हे विचाराच. पण त्याच्या आधी नावाड्याला एवढं विचारा: दादा, उलटली तर ही तरंगते का?